आले डोळे

मराठीत डोळे येतात आणि डोळे जातातही. या दोन क्रियापदांत अंतर किती थोडे, ते मला २०२३ च्या अधिक श्रावणात पोलादपुरास कळले.

त्या पावसाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात डोळ्यांची साथ होती. आमचा पुतण्या महाडहून काळा चष्मा लावूनच एस.टी.तून उतरला. खिशात चिठ्ठीवाचून घेतलेली थेंबांची बाटली. चार दिवसांत निम्मे घर लाल डोळ्यांनी एकमेकांकडे पाहू लागले. साथीचे डोळे पंधरवड्यात बहुधा आपोआपच बरे होतात. श्रेय मात्र बाटलीने घेतले.

मग सौ.चा डावा डोळा लाल झाला. एकच डोळा! पण तेवढा विचार कोण करतो? थेंब मीच घातले.

"अहो, उजेड सोसवत नाही हो," ती म्हणाली.

"अगं, चार दिवस कळ काढ," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी तिला देवापुढची समई धुक्यातली दिसू लागली. तेव्हा धावलो महाडला. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घातला, निळ्या उजेडात पाहिले. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम! साथ नव्हेच, ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू. बाटलीत स्टेरॉइड होते. ते लाली उतरवते आणि हर्पीसला मोकळे रान देते.

नशीब असे की याच विषाणूवर औषध आहे. प्रुसॉफ यांनी १९५९ साली आयडॉक्सयुरिडीन तयार केले, १९६२ त कॉफमन यांनी ते हर्पीसच्या डोळ्यांवर वापरून दाखवले. हिला दिले ते त्यानंतरचे असायक्लोव्हिर, मलम, दिवसातून पाच वेळा. हर्पीस स्वतःचे एक विकर घेऊन येतो, आणि त्याच विकराने हे औषध जागे होते. चोराच्या किल्लीने चोरालाच कोंडावे, तसे. साथीच्या अडिनोव्हायरसजवळ ती किल्ली नाही. त्याच्यावर सिडोफोव्हिरचे थेंब करून पाहिले. विषाणू दबे, पण थेंबच डोळ्याला बाधत. १९६९ साली घानात उठलेली, 'अपोलो' म्हणून गाजलेली साथ एंटेरोव्हायरसची. त्यावरही खास औषध अजून नाही. तिथे हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे, एवढेच.

जखम भरली. पुसटसा डाग राहिला. स्टँडवर महाबळेश्वरच्या गाडीची पाटी सौ. आता लांबून वाचते. डाव्या डोळ्याने वाचून दाखव, असे मी अजून म्हटलेले नाही.