पाचवीचा जागर

आपल्याकडे बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री घर झोपत नाही. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, बाळाला कुणी ना कुणी मांडीवर घेऊन बसतं. सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, असं म्हणतात. मला त्या जागरणामागे एक जुनी भीती दिसते. बाळं जायची ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच, हे जंतूंचं नावही न ऐकलेल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात रोजची रात्र पाचवीची असते. माझ्या भाचीची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, तेव्हा हे मी काचेपलीकडून पाहिलं. वजन जेमतेम सव्वा किलो. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांतली बरीचशी अखेरच्या तीन महिन्यांत. म्हणजे ही पोर ती शिदोरी पुरती बांधून व्हायच्या आधीच निघाली होती. कातडी पिकल्या अंजिराच्या सालीसारखी. सुई जागेवर ठेवणारी चिकटपट्टी काढतानासुद्धा सोलवटेल अशी. म्हणून सिस्टर ती पट्टी ओली करून, कडेकडेनं, श्वास रोखल्यासारखी सोडवत.

जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांत होणारा जंतुसंसर्ग बहुधा आईकडून आलेला असतो. त्यानंतरचा मात्र कक्षातून येतो: शिरेतल्या नळीतून, श्वासाच्या यंत्रातून आणि सगळ्यात जास्त माणसांच्या हातांतून. जे हात बाळाला जगवतात, तेच त्याच्यापर्यंत जंतू पोचवू शकतात. या एका गोष्टीनं मला कित्येक रात्री झोप लागू दिली नाही.

दाराशीच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ उतरवायचं. मनगटावरचा देवाचा दोरासुद्धा. मग कोपरापर्यंत हात धुवायचे; बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, काही सुटता कामा नये. हे मोठ्या डॉक्टरांना आणि लादी पुसणाऱ्या मावशींना सारखंच लागू. आत गेल्यावर एका बाळाकडून दुसऱ्याकडे वळताना पुन्हा हात चोळायचे, निदान वीस सेकंद. नळीच्या तोंडाला औषध जोडण्याआधी ते तोंड स्पिरिटनं घासायचं आणि वाळू द्यायचं. वाळू देणं महत्त्वाचं, कारण जंतू मरतात ते त्या थांबण्यात. लंगोट बदलणं, ताप मोजणं, कूस बदलणं ही कामं सिस्टर एकाच वेळी उरकत, म्हणजे बाळाच्या काचेच्या पेटीची झडप कमी वेळा उघडते आणि बाळाची झोपही मोडत नाही.

आणि नजर. एवढ्याशा बाळाला संसर्ग झाला तर ताप चढेलच असं नाही. उलट अंग गार पडतं. दूध पचत नाही, पोट फुगतं, रंग मळकट होतो, मधेच बाळ श्वास घ्यायचं विसरतं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी रात्रपाळीची सिस्टर म्हणते, “सर, तीन नंबर आज बरं वाटत नाही मला.” अशा वाक्यावर पटकन उठणारे डॉक्टर मी पाहिले आणि मनोमन त्यांना हात जोडले.

पहिल्या दिवसांचा चीक पिळून टाकण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत होती. इथे त्याच चिकाचे थेंब बाळाच्या गालाच्या आतून लावतात, कारण प्रतिपिंडं त्यातही आहेत. आईला दूध उतरत नसेल, तर दुसऱ्या आयांचं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून देतात. आशियातली अशी पहिली दूधपेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. आईच्या दुधावरच्या बाळांना आतडं सडवणारा आजार कमी होतो, एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

पूर्वी आईलाही काचेबाहेर ठेवत, जंतू नकोत म्हणून. मग भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवून पाहिलं गेलं. 2021 साली निष्कर्ष आले: पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले, जंतुसंसर्गही कमी झाला. आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्तीला येतात, परक्यांना जागा उरत नाही. भाचीनं पोरीला छातीशी बांधलं, तेव्हा सिस्टर तिला म्हणाल्या, “आता पेटी तूच गं.”

घरी सोडताना मिळालेल्या कागदांवर प्रत्येक इंजेक्शनची नोंद होती. किती वेळा हात धुतले, किती वेळा कुणी थांबलं, याची नव्हती. देणगीची पाटी काचेच्या पेटीवर लागते. रात्रपाळीतल्या जास्तीच्या सिस्टरच्या पगारासाठी पैसे देणारं कुणी मला अजून भेटलं नाही. एकीच्या वाट्याला आठ-आठ बाळं आली आणि तीन यंत्रं एकदम वाजू लागली, तर ती वीस सेकंद आणणार कुठून? पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला कुणी काय द्यावं म्हणून विचारलं, तर मी आमच्या तालुक्याच्या रुग्णालयासाठी हेच मागणार आहे: कोपरानं चालू होणारा नळ, आणि रात्री आणखी एक सिस्टर.