कुंडलिकेच्या काठी जाण्यापूर्वी

नातवंडांनी कोलाडला राफ्टिंगचा बेत आखला आणि ‘आजी-आजोबा, तुम्हीही चला’ असा आग्रह धरला, तर आपण घाईने नकार देऊ नये आणि होकारही देऊ नये.

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदी पावसाळा सरल्यावरही खळाळते. कारण मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून पुढे तिच्यात येते. हे पाणी बहुधा सकाळी सोडतात, त्यामुळे राफ्टही सकाळीच निघतात. नेमकी तीच वेळ आपल्या औषधांची आणि न्याहारीची असते. इन्सुलिन घेतले आणि गडबडीत खाणे राहिले, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. वारंवार लघवीला जावे लागेल म्हणून रक्तदाबाची गोळीही परस्पर टाळू नये.

हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काहीही असल्यास राफ्टमध्ये बसू नये. लाइफ जॅकेट बुडण्यापासून वाचवते; खडकावर आपटून होणारा अंतर्गत रक्तस्राव ते थांबवू शकत नाही.

काठावरच्या मुक्कामाला मात्र अवश्य जावे. औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत, त्यांची यादी खिशात असावी. तंबूत जमिनीवरून उठणे कठीण जात असेल, तर खाट आधीच मागून घ्यावी. सोबतच्यांनी स्वच्छतागृहाची वाट दिवसाउजेडी दाखवून ठेवावी आणि उशाशी विजेरी ठेवावी. ज्येष्ठांना धोका केवळ प्रवाहात नव्हे, तर रात्रीच्या अंधारात पडण्याचाही असतो.