बुधवारचा बेत

अक्कलकोटच्या बाजारात कडी-कोयंडा घ्यायला गेलो होतो. हार्डवेअरचं जुनं दुकान. नळाच्या तोट्या, सुतळीचे गुंडे, उंदराचे पिंजरे. आणि स्वामींच्या तसबिरीच्या बरोबर खाली, एकाच खिळ्याला टांगलेली गळांची पाकिटं. गुरुवारी अर्धा महाराष्ट्र ज्या गावात दर्शनाला उतरतो, अन्नछत्रात पंगतींवर पंगती उठतात, तिथे कुणीतरी नेमानं गळही विकत घेतंय. दुकानदारानं माझी नजर पकडली. "बारका चिलापीला, मोठा मरळीला. कुठला देऊ, सर?" कोयंडा मागे पडला.

दाजींना फोन केला. दाजी अशा कामाला कधीही तयार असतात. अडचण एवढीच की ते अर्ध्या तासात सगळं ठरवून मोकळे होतात, आणि मला ठरवण्यातच खरी गोडी. आधी वार. सोमवार सिद्धरामेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी बहिणीचा उपास. रविवारी सगळ्या तळ्याकाठी पोरांचा दंगा. उरले बुधवार आणि शुक्रवार, त्यातून एकादशी आणि चतुर्थी वजा. आमच्याकडे मासे पाण्यापेक्षा कॅलेंडरात जास्त सुरक्षित असतात.

मग पाणी. दाजींचं म्हणणं, सरळ सोलापूरला एकरुखवर जाऊ. १८७१ साली बांधून पुरा झालेला तलाव, बसायला भक्कम बांध, शिवाय येताना शहरातली कामं होतील. पण मासे धरायला जाऊन येताना कामं करणं मला पटत नाही. मी कुरनूरवर अडून बसलो. चपळगावच्या बाजूला बोरी आणि हरणा एकत्र येतात, ते पाणी अडवलेलं हे धरण. अक्कलकोटला प्यायला तेच. धरण म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला दरी आठवते. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट, म्हणून पाणी खोल जायच्या ऐवजी पसरतं. काठाकडून पुष्कळ आत गेलं तरी गुडघ्याच्या वर येत नाही. उन्हाळ्यात ते मागे सरतं आणि मोकळ्या झालेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. भाद्रपदात जिथे गळ टाकावा, तिथे चैत्रात काकडी तोडावी.

उथळ पाण्याला मी कमी लेखत नाही. काळ्या मातीनं ते गढूळ असतं, उन्हानं लवकर तापतं, वारा सुटला की तळापर्यंत ढवळतं. चिलापीला हेच मानवतं. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणला. नर काठाजवळच्या गाळात वाटीसारखे खड्डे करून हद्द सांभाळतो, मादी अंडी तोंडात धरून फिरते. मरळ तर पाण्यावर तोंड काढून हवा घेते. ती हवा घ्यायला वर आली की पाण्यावर बुडबुडा फुटतो. जाणकार माणूस तो बघून जागा धरतो. पिलांचा तांबूस थवा वर दिसला, तर खाली आई-बाप राखणीला आहेत असं समजायचं आणि गळ दुसरीकडे न्यायचा. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मी पाळतो.

पाणी केव्हा येणार, हे मात्र वरच्या अंगाला ठरतं. बोरी आमच्याकडे येण्याआधी नळदुर्गच्या किल्ल्यातून जाते. १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तिथे नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. लोक ते बघायला गर्दी करतात, आणि खाली आम्ही हिशेब मांडतो की आता कुरनूरला पाणी चढणार.

पण मासेमारीच्या बाबतीत मला आदिलशहापेक्षा दुसराच राजा जवळचा. बसवकल्याण आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, आणि त्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११३०च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसं मिळवावं इथून सुरुवात, आणि चौथ्या भागात राजाच्या करमणुकी: हत्ती, घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, गाणं, नाच. आणि त्यांतच मत्स्यविनोद. काठी, दोरी, गळ. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोण काय खातो, कुणाला कसला चारा घालून काठाशी आणावं. तीसपेक्षा जास्त जाती. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं १६५३ साली. आमचा राजा पाचशे वर्षं आधीच गळ टाकून बसलेला.

प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा आधुनिक मत्स्यविज्ञानाला सोमेश्वराची ओळख झाली. मला मात्र हा राजा शास्त्रापेक्षा त्याच्या भुकेमुळे आवडतो. त्याच ग्रंथात इडलीच्या पूर्वजाची कृती आहे, वडे आहेत, आणि नदीकाठच्या शेतातले धष्टपुष्ट काळे उंदीर भाजून खायचीही. त्याला किळस नाही, भीड नाही. जे चवीचं ते लिहायचं. आणि कांडताना महाराष्ट्रातल्या बायका ओव्या गातात, याचीही नोंद त्यानंच करून ठेवली. मासा गळाला लागेपर्यंत रिकामा बसलेला माणूसच असलं ऐकू शकतो, असा माझा आपला समज. एक शंका आहे. चाऱ्याच्या गोळ्या राजा स्वतः वळत बसला असेल, असं मला वाटत नाही. ते काम दुसऱ्यांचं. आमच्याकडे ते माझं: कणीक, त्यात शेंगदाण्याची पेंड, वरून चिमूटभर हळद. हळदीचा उपयोग काय, असं दाजी दर वेळी विचारतात. उपयोग काही नाही. रंग चांगला येतो.

बाकी यादी तयार आहे. काठ्या, दोरी, तरंगायला थर्माकोलचे तुकडे, डब्यात ओली माती आणि गांडुळं. धरणातल्या मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा काठावरच्या मंडळींना आधी विचारून घ्यायचं; गळवाल्याला सहसा कुणी हटकत नाही, पण विचारलेलं बरं, चहाही मिळतो. जेवणाला कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मासा मिळाला तर तो संध्याकाळचा.

हे वाक्य घरात मोठ्यानं बोललो. आतून बायकोनं विचारलं, "आणि साफ कोण करणार?" सोमेश्वराला हे कुणी विचारलं नसणार. मी म्हटलं, मी करतो. "मरळ हातात तरी राहील का? राख लागते तिला." राख चोळल्याशिवाय मरळीवर हात ठरत नाही, हे खरंच. आणि घरात गॅस आल्यापासून राख नाही. शेजारी नाही, बहिणीकडे नाही. आता दाजींच्या शेतावर पाणी तापवायची चूल आहे, तिथून डबाभर आणायची म्हणजे मंगळवारी संध्याकाळीच निघावं लागेल. आणि मंगळवारी त्यांच्याकडे मुक्काम म्हणजे उपासाची भगर.