एकच रजिस्टर, दोन पगार

साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. वित्त विभागात रुजू होऊन तू टिप्पण्या लिहायला लागलास, याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. कंत्राटी आरोग्य कर्मचारी अटी वाचून करारावर सही करतात, मग कायम कर्मचाऱ्यांएवढा पगार कोणत्या तोंडाने मागतात? हा प्रश्न तुझ्या टेबलावर वरचेवर येणार आहे, म्हणून सवडीने लिहिते.

साखरशेतला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि त्याच्या हाताखाली पाड्यापाड्यांना पुरी पडणारी उपकेंद्रं. जव्हार-मोखाड्याच्या अशा उपकेंद्रांत पुष्कळदा दोन आरोग्यसेविका असतात. एकीची ऑर्डर जिल्हा परिषदेची, दुसरीची राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. दोघींनी एएनएमचा सारखाच अभ्यासक्रम केलेला, दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. गावं वाटून घेतलेली असतात. लसीकरणाच्या दिवशी एक या पाड्यावर, दुसरी त्या पाड्यावर. खांद्याला लशीचा डबा, आत बर्फाचे पॅक, पिशवीत रजिस्टर आणि माता-बाल संरक्षण कार्डं.

पाड्यावर पोचल्यावर काय चालतं ते जवळून पाहायला हवं. अंगणवाडीच्या ओट्यावर मूल मांडीवर घेतलं जातं आणि डाव्या दंडाच्या मध्यावर मापाची पट्टी गुंडाळली जाते. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा पिवळा आणि त्याखाली लाल. माप लालमध्ये गेलं की सेविकेचा पुढचा सगळा दिवस बदलतो. त्या मुलाचं वजन-उंची पुन्हा घ्यायची, ताप-जुलाब आहे का बघायचं, आईला समजावायचं, घरात विचारायचं, पोषण पुनर्वसन केंद्रात नेण्यासाठी गाडीची सोय लावायची. आई बहुधा म्हणते, भाताची लावणी चालू आहे, मी तिथे राहिले तर इकडे मोठ्यांना कोण बघेल? त्या आईला तयार करणं हे कुठल्याही तक्त्यात न मावणारं काम आहे, आणि ते दोघी सेविका सारखंच करतात. दिवाळीनंतर तर निम्मी कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जातात. मग कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिला, ते कुठल्या भट्टीवर गेलं, याचा माग दोघी आपापल्या रजिस्टरवरून काढतात. त्या रजिस्टरला कायम किंवा कंत्राटी असा रकाना नाही.

रकाना पगारपत्रकात आहे. कायम आरोग्यसेविकेची वेतनश्रेणी एस-8, म्हणजे 25,500 ते 81,100 रुपये. 2025 मध्ये अगदी नव्याने लागलेलीसुद्धा 25,500 वर तेव्हाचा 55 टक्के महागाई भत्ता धरून 39,525 रुपयांपाशी पोचत होती. घरभाडं, रजा, निवृत्तीची तरतूद आणखी वेगळी. अभियानाच्या जाहिरातींत त्याच कामाला 18,000 रुपये एकत्रित मानधन लिहिलेलं असतं. दरवर्षी थोडी वाढ मिळते, पण नेमणूक अकरा महिन्यांची आणि पुढची ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला.

आता यात एकस्तर वेतनश्रेणीची भर घाल. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला तिथे असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळतो. हा निर्णय योग्यच आहे. घाटातले रस्ते, पावसाळ्यात तुटणारे पाडे, राहायला धड खोली नाही, नेटवर्क नाही, अशा ठिकाणी माणूस टिकावा म्हणून शासनाने तो काढला. पण शासनाने एकदा मान्य केलं की हा भाग अवघड आहे, की मग तो चालणाऱ्या प्रत्येकीला अवघड आहे. त्याच ओढ्यातून त्याच दिवशी लशीचा डबा डोक्यावर धरून जाणाऱ्या कंत्राटी सेविकेला त्या अवघडपणाचा एक रुपया मिळत नाही.

तुझ्या विभागाचं म्हणणं मला ठाऊक आहे. अभियान केंद्राचं, पैसा साठ-चाळीसच्या हिशेबाने येतो, पदं तात्पुरती आहेत, कायमची जबाबदारी राज्याने का घ्यावी? पण हे अभियान ग्रामीण आरोग्य अभियान म्हणून सुरू झालं 12 एप्रिल 2005 ला. वीस वर्षं होऊन गेली. या भागाचा त्याआधीपासूनचा इतिहासही आठव. वावर-वांगणी जव्हारमध्येच येतं. 1992-93 साली तिथल्या बालमृत्यूंनी अख्खा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली, आणि 2016 मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्यांनी मंत्र्यांना पुन्हा या रस्त्याला आणलं. तीन दशकं जी गरज एकदाही संपली नाही, तिच्यासाठी नेमलेल्या बाईला दर अकरा महिन्यांनी तात्पुरती म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

नवसंजीवनमधल्या भरारी पथकांचं उदाहरण तर तुला हिशेबाच्या अंगानेच पटेल. राज्याच्या आदिवासी भागात 281 मानसेवी डॉक्टर या पथकांत नेमले गेले, बहुतेक सगळे बीएएमएस. रोज गावं, पाडे, आश्रमशाळा, अंगणवाड्या फिरायच्या, आजारी मुलं शोधायची, गरोदर बायका तपासायच्या. वर्षानुवर्षं त्यांना महिन्याला 24,000 रुपये मिळत होते. त्यातले 6,000 आदिवासी विकास विभागाचे, 18,000 आरोग्य विभागाकडचे. डॉक्टर एक, पाडा एक, आणि पैसा दोन लेखाशीर्षांतून. त्यामुळे वाढ मागायला गेलं की एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवी. आंदोलनं झाली, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, तेव्हा कुठे ते 40,000 झाले. माझं जे एक म्हणणं आहे ते इथे सांगते: पगार कामावरून आणि त्या कामातल्या जबाबदारीवरून ठरावा. तो कुठल्या लेखाशीर्षातून निघतो हा शासनाच्या घरातला हिशेब आहे, त्याची झळ पाड्यावर चालणाऱ्या माणसाला लागता कामा नये.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या 39 व्या अनुच्छेदात आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे बराच काळ ते कागदावर राहिलं. 1982 मध्ये दिल्ली पोलिसांतला रणधीर सिंग नावाचा ड्रायव्हर-कॉन्स्टेबल सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्ली पोलिसांतल्या ड्रायव्हरची श्रेणी 210-270 पासून सुरू होई आणि रेल्वे संरक्षण दलातल्या ड्रायव्हरला 260-400 मिळे. गाडी तीच, रस्ता तोच. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या खंडपीठाने सांगितलं की खातं वेगळं आहे एवढ्यावरून पगार वेगळा ठरत नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र 26 ऑक्टोबर 2016 च्या जगजित सिंग निकालात आहे. पंजाबातल्या हंगामी कर्मचाऱ्यांचं ते प्रकरण. न्यायमूर्ती खेहर आणि आपले नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी तो निकाल दिला. कमी पगारावर सही करणारा माणूस ती खुशीने करत नाही, घरच्यांच्या पोटासाठी स्वाभिमान बाजूला ठेवून करतो, असं न्यायालयाने स्वच्छ म्हटलं. म्हणजे तुझा कराराचा मुद्दा तिथेच अडला. त्याच पदाचं तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला निदान नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यावं, असा निर्णय झाला. हा निकाल कितीही आखडता वाचला, भत्ते सगळे वगळले, तरी आरोग्यसेविकेसाठी तो आकडा 25,500 येतो. जाहिरातीतल्या 18,000 पासून तो 7,500 रुपये दूर आहे.

दुसरी बाजूही तुझ्यापासून लपवत नाही. एकाच इमारतीत बसणाऱ्या सगळ्यांना एकच पगार, असा या तत्त्वाचा अर्थ नाही. गुजरातमधल्या आयुर्वेद डॉक्टरांनी एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीची मागणी केली, तेव्हा 26 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दोन्ही शास्त्रांचं महत्त्व मान्य करून न्यायालय म्हणालं की तातडीचे उपचार, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया, शवविच्छेदन ही कामं आयुर्वेद डॉक्टर करत नाहीत. त्यामुळे भरारी पथकातल्या डॉक्टरने वर्ग एकच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी सरसकट बरोबरी सांगितली तर ती टिकणं कठीण आहे. त्याच्या कामाला स्वतंत्र, नियमित श्रेणी हवी, ही मागणी जास्त भक्कम. आशाताईंचंही तसंच. त्यांचं काम सेविकेच्या कामासारखं नाही, पण त्या पूर्ण दिवस राबतात, म्हणून त्यांचं मोजमाप वेगळं करावं लागेल. दोन आरोग्यसेविकांच्या बाबतीत असा कुठलाही फरक दाखवता येत नाही. एकच उरतो, निवड कशी झाली. जिल्हा परिषदेची परीक्षा देऊन आलेलीला तिच्या यशाचं फळ मिळायला हवं, हे खरं. ते ज्येष्ठतेत, बढतीत, निवृत्तिवेतनात मिळावं. इंजेक्शन देणारा हात आणि त्यामागची जोखीम दोघींची सारखीच असताना मूळ वेतनात एवढी दरी कशी समर्थनीय?

आणखी एक गफलत फायलींत नेहमी होते. ‘कायम करा’ आणि ‘बरोबरीचं वेतन द्या’ या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत. 10 एप्रिल 2006 च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने कायम करण्याला अटकाव केला, आणि तेव्हापासून वेतनाच्या मागणीलाही तोच निकाल जोडून नकार लिहिला जातो. 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी तर कायम करण्याच्या मागणीबाबतच सुनावलं: वर्षानुवर्षं नियमित काम करून घेऊन उमादेवीची ढाल पुढे करणं चालणार नाही. ते कर्मचारी केंद्रीय जल आयोगातले सफाईचं आणि बागेचं काम करणारे होते.

महाराष्ट्राने 14 मार्च 2024 ला शासन निर्णय काढून दहा वर्षं सेवा झालेल्या अभियान कर्मचाऱ्यांच्या समायोजनाची वाट मोकळी केली. अंमल रखडला आणि 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभरचे कर्मचारी बेमुदत संपावर गेले. ऑगस्ट हा जव्हार-मोखाड्याचा सगळ्यात अवघड महिना. घरातलं धान्य संपलेलं, साथीचे आजार वाढलेले, पाड्यांचे रस्ते चिखलात गेलेले. अशा महिन्यात सेविकेने रजिस्टर मिटून ठेवणं तिलाही जड जातं, पाड्यावरच्या मुलांनाही. तो संप टाळणं शासनाच्या हातात होतं, कारण शब्द शासनाने स्वतःच दिला होता. असंच चित्र आश्रमशाळांतही आहे. त्याच पावसाळ्यात रोजंदारीवरचे शिक्षक आणि कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले होते, कारण त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली पदं आता बाह्यस्रोताने भरायची ठरली होती.

बाळ, तुझ्या पगारपत्रकात महागाई भत्ता केंद्राच्या दराने येतो. तो असाच मिळालेला नाही. 1977-78 मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी 54 दिवस संप केला, तेव्हाची मुख्य मागणी हीच होती. मुंबईच्या एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या केंद्राच्या कारकुनाला आणि राज्याच्या कारकुनाला महागाई वेगळी कशी, हा त्यामागचा साधा न्याय. त्या पिढीने पगार बुडवून जे मिळवलं, त्यावर आज तुझा विभाग उभा आहे. साखरशेतच्या बाजारातही दोन सेविका एकाच भावाने तेल-तांदूळ घेतात.

तेव्हा अशी फाईल तुझ्यापुढे आली तर तीन गोष्टी टिप्पणीत यायला हव्यात. दोन्ही पदांची कर्तव्यसूची शेजारीशेजारी मांडावी आणि फरक असेल तर कलमवार लिहावा. नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. दुसरं, जगजित सिंग निकालाप्रमाणे किमान वेतनाचा खर्च तालुकावार काढावा, म्हणजे नकार आकड्यावर बेतलेला आहे की सवयीवर, ते वरच्यांना कळेल. तिसरं, अनुसूचित क्षेत्रातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना एकस्तरचा लाभ देण्याचा स्वतंत्र प्रस्ताव आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांकडून एकत्र मागवावा, म्हणजे बोटं दाखवायला जागा उरणार नाही. तिन्ही कामं कारकुनी आहेत आणि तुझ्या अधिकारात बसतात. त्यांतलं कोणतं जमलं आणि कुठे अडलं, ते मला कळव. इथल्या सेविकांना पुढचं निवेदन त्याप्रमाणे लिहायचं आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी