रविवारचा फ्लेक्स

बोईसर,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझा दुपारचा फोन मी नीट घेतला नाही, त्याचं वाईट वाटतंय. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, मशीन चालू होतं, आणि तू विचारलंस, ‘मामा, साहेब रविवारी प्रवेश करतायत. मी जाऊ का?’ मी ‘संध्याकाळी बोलू’ म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी साहेबांच्या माणसानं व्हॉट्सअॅपवर ऑर्डर पाठवली. दहा बाय वीसचे सहा फ्लेक्स, नवापूर नाक्यापासून स्टेशनपर्यंत. मथळा ‘जाहीर पक्षप्रवेश’. खालच्या ओळीत अकरा कार्यकर्ते, डावीकडून चौथा तू. म्हणजे तू मला विचारत होतास तेव्हा तुझं नाव तिकडे लागूनही गेलं होतं. तुला हे ठाऊक होतं का?

तुझा फोटो माझ्याकडे आहेच. दुकानामागच्या पांढऱ्या भिंतीसमोर मीच काढला होता. ताईनं तुझी कॉलर सारखी केली होती आणि तू लाजून ‘आई, पुरे’ म्हणाला होतास. तोच उघडला. अशा वेळी फक्त उपरण्याचा रंग बदलायचा असतो. उपरणं निवडायचं, रंगाची पट्टी सरकवायची. घडीच्या सावल्या तशाच राहतात, चेहऱ्याला हातही लावावा लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि आजवर मी ते कितीतरी जणांचं केलंय. तुझं करताना मात्र हात थांबला. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून पत्र लिहायला बसलो.

फ्लेक्स यायच्या आधी मी भिंती रंगवायचो, हे तुला माहीत आहे. पालघर-मनोर रस्त्यावरच्या, चिंचणीच्या, तारापूरच्या. जुनं निशाण आधी खरवडायचं, मग चुन्याचे दोन हात, तो वाळला की नीळ घालून आणखी एक, आणि मग पत्र्याचा साचा लावून नवं निशाण. एका भिंतीला दिवस जायचा. एवढं करूनही एखाद्या पावसात चुना उडायचा आणि खालचं जुनं निशाण वर यायचं. गावातली माणसं थांबून बघायची. ‘हा आधी त्यांचा होता बरं’ असं कुणीतरी म्हणायचंच. भिंतीला आठवण होती. फ्लेक्स उतरवला की त्याची ताडपत्री होते आणि कुणाच्या तरी झोपडीवर जाते.

तू म्हणालास, सगळेच करतात. वनगांचं बघा, गावितांचं बघा. बरं, बघूच. ही सगळी माणसं आपल्या डोळ्यांदेखत वावरली आहेत.

चिंतामण वनगा तलासरी तालुक्यातले, पेशानं वकील. ज्या भागात लाल बावट्याशिवाय दुसरं काही रुजत नव्हतं, तिथे त्यांनी भाजपचं काम उभं केलं. १९९६ आणि १९९९ ला ते डहाणूचे खासदार झाले, २००९ ला विक्रमगडचे आमदार, २०१४ ला पालघरचे खासदार. मी कधीच त्यांच्या पक्षाचा नव्हतो, पण त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला या जिल्ह्यात भेटला नाही. ३० जानेवारी २०१८ ला ते दिल्लीत गेले. मुलाला, श्रीनिवास वनगांना वाटलं की पक्षानं घराकडे पाठ फिरवली. मे महिन्यात ते मातोश्रीवर गेले आणि शिवसेनेचे उमेदवार झाले. भाजपनं काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं. काय निवडणूक होती ती! राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष इथे समोरासमोर, आणि दोघेही चिंतामणरावांच्या नावानं मतं मागत होते. गावित २९,५७२ मतांनी आले.

आता पुढचं लक्ष देऊन वाच. एका वर्षात युती झाली आणि पालघरची जागा शिवसेनेला गेली. तेव्हा जागेबरोबर उमेदवारही गेला. ज्या गावितांनी शिवसेनेला पाडलं होतं, तेच २०१९ ला शिवसेनेचे खासदार झाले. वनगांना पालघरची विधानसभा मिळाली, ते आमदार झाले. २०२२ ला वनगा शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले, मागोमाग गावितही शिंदेंकडे. २०२४ च्या लोकसभेला भाजपनं हेमंत सवरांना उभं केलं, विष्णू सवरांच्या मुलाला, आणि गावित पुन्हा भाजपमध्ये आले. ऑक्टोबरमध्ये ते परत शिंदेंच्या शिवसेनेत गेले आणि पालघर विधानसभेचं तिकीट त्यांना मिळालं. वनगांचं तिकीट.

त्या रात्रीचं तुला आठवत असेल. वनगा कॅमेऱ्यासमोर हुंदके देऊन रडले. उद्धव ठाकरेंना सोडून चूक केली म्हणाले. मग घरातून निघून गेले आणि दीडेक दिवस कुणाला सापडेनात. तेव्हा दुकानात बसलेली काही मंडळी मोबाइलवर बघून हसत होती. मला हसू आलं नाही. मला चिंतामणराव आठवत होते, आणि मोठ्या माणसाच्या शब्दावर सगळं सोडून गेलेला कुठलाही मुलगा आठवत होता. तुझ्यासारखा.

गावितांना मी दोष देत बसत नाही. २००९ ला ते काँग्रेसचे आमदार होते, २०१४ ला अवघ्या ५१५ मतांनी पडले, २०१६ ची पोटनिवडणूकही हरले. त्यानंतर ज्या ज्या निशाणावर उभे राहिले त्यावर लोकांनीच त्यांना निवडून दिलं. आपल्या बोईसरमध्येही विलास तरे बहुजन विकास आघाडीतून दोनदा आमदार झाले, २०१९ ला शिवसेनेत जाऊन पडले आणि २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेतून पुन्हा आले. लोक शिक्षा करतात आणि माफही करतात. मला खुपतं ते वेगळंच. या अख्ख्या उलथापालथीत पालघर, मनोर, सफाळे, बोईसरच्या एकाही साध्या कार्यकर्त्याला कुणी विचारलं नाही की, बाबा, तुला कोण हवा? एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, मुंबईहून आला. ज्याच्या हातात तो, तो निष्ठावंत. मग खालच्या पोरानं निष्ठा ठेवायची तरी कशावर? निशाण उमेदवाराचं नाही, उमेदवार पक्षाचा नाही आणि पक्ष कोणाचा ते कोर्टात चाललंय. धनुष्यबाणाचा माझा जुना साचा अजून माळ्यावर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ठाकरेंच्या गटाला मशाल मिळाली, २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं धनुष्यबाण शिंदेंना दिला. मी तो साचा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. कोणासाठी म्हणून पुसून ठेवायचा, तेच कळेना.

तू मागे मला अमेरिकेतल्या लिझ चेनी बाईंचा व्हिडिओ पाठवला होतास. ‘तत्त्व असावं तर असं’, असं खाली लिहून. मी त्यांच्याबद्दल वाचून काढलं. बाप उपराष्ट्राध्यक्ष होता, त्या स्वतः वायोमिंगच्या खासदार. २०२१ च्या जानेवारीत स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवावा म्हणून मत दिलं. त्यांच्या पक्षातून असं करणारे एकूण दहाच जण. मे महिन्यात पक्षानं त्यांना नेतृत्वाच्या पदावरून काढलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदान झालं, त्यात त्यांना तीस टक्केही मतं पडली नाहीत. वायोमिंगच्या लोकांनी बरोबर केलं की चूक, यावर तुझं-माझं भांडण होऊ शकेल. पण तिथे पक्षाच्या मतदाराला विचारलं गेलं. बाईंनी उभं राहून सांगितलं, मी असं का केलं, आणि लोकांनी तोंडावर नाही म्हटलं. पक्ष सोडूनही त्या गेल्या नाहीत. तिकडेही उड्या मारणारे आहेतच. अर्लेन स्पेक्टर नावाचे पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर २००९ ला, आपल्या पक्षात उमेदवारी टिकत नाही हे बघून दुसऱ्या पक्षात गेले. पुढच्याच वर्षी त्या नव्या पक्षाच्या मतदारांनी त्यांना उमेदवारी नाकारली.

आपल्याकडे चेनी बाईंसारखं करायची सोयच नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ ला आला तो आयाराम-गयारामांना आवरायला. पण त्यात व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. एकट्यानं मनाला पटेल तसं मत दिलं तर शिक्षा, आणि दोन तृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर कायद्याला चालतं. मला हे पटत नाही. मी शिकलेला माणूस नाही, पण ज्या कायद्यानं घोळक्याला सूट मिळते आणि विचार करणारा एकटा पडतो, तो उलटा बसवलेला आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तत्त्व बघायचं तर पक्षाच्या नावात बघू नकोस, प्रश्नात बघ. वाढवण बंदराचंच घे. १९९८ ला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं ते नाकारलं होतं. २०२३ ला त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये येऊन पायाभरणी केली. शहात्तर हजार कोटींचं काम. कुणी म्हणेल रोजगार येईल, कुणी म्हणेल आमची मासेमारी गेली. तू कुठल्याही बाजूचा अस, मी रागावणार नाही. पण तुझ्या साहेबांना विचार: या बंदराबद्दल शनिवारी तुमचं जे मत असेल, तेच सोमवारी असेल का? अक्करपट्टी आणि पोफरणची माणसं तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठली, त्यांच्यासाठी बोलणारे सगळ्याच रंगांचे होते. नंतर कोण उरलं, ते जाऊन त्यांनाच विचार.

तलासरी-डहाणूकडे अजून लाल बावटा का टिकून आहे, याचा विचार केलायस कधी? १९४५ ला गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर गेले, वेठबिगारी मोडली. तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड गेला. त्याला ऐंशी वर्षं झाली आणि २०२४ च्या लाटेतही डहाणूतून लाल बावट्याचे विनोद निकोलेच आले. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण तिथल्या म्हातारीला विचारलंस तर ती नेत्याचं नाव सांगत नाही. आपल्या घरातलं कोण कुणाच्या शेतावर फुकट राबत होतं आणि ते कधी थांबलं, तेवढं सांगते.

आता माझं सांगतो. ताईलाही हे पूर्ण माहीत नाही. मी एका पक्षासाठी एकोणीस वर्षं भिंती रंगवल्या, रंगाचे पैसे कधी घेतले, कधी नाही. पूर्वेकडच्या एका पाड्यावर पाण्याचा प्रश्न होता. माझ्या सांगण्यावरून त्या पाड्यानं दोन निवडणुका आमच्या निशाणाला मत दिलं. तिसऱ्या वेळी तिथे आमचा ठरलेला माणूस बाजूला सारून रातोरात दुसऱ्या पक्षातला आणला. मी चिडून काम सोडलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, ‘स्वाभिमानी’ म्हणाले. पण त्या पाड्यावर मी गेलोच नाही. काय सांगणार होतो? दोन वर्षं मी मनोरला जाताना लांबच्या रस्त्यानं जायचो. एकदा बाजारात तिथली एक म्हातारी भेटली. डोक्यावर मोळी होती, ती खाली न ठेवताच म्हणाली, ‘तू सांगितलंस म्हणून दिलं रे आम्ही. मग तू कुठे गेलास?’ पाण्याचं तिनं विचारलंच नाही. मी कुठे गेलो, एवढंच विचारलं.

पक्षानं माझ्याशी जे केलं ते मी विसरलो. ती मोळी विसरलो नाही.

तेव्हा तू जाऊ नकोस असं मी सांगत नाही. साहेबांचं तुला पटत असेल, तिकडे जाऊन आपल्या भागाचं काम होईल असं खरंच वाटत असेल, तर जा. पण गेल्या निवडणुकीत तू तीन पाडे आणि एमआयडीसीतल्या दोन चाळी पायी फिरला होतास. कोणाकडे चहा घेतलास, कोणाला काय कबूल केलंस ते तुला तोंडपाठ आहे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस आहेत. जनरल शिफ्ट सुटली की त्या दारांवर परत जा. ‘मी तेव्हा हे म्हणालो होतो, आता हे करतोय, कारण हे,’ असं त्यांच्या तोंडावर सांग. सांगताना जीभ अडखळली नाही तर रविवारी स्टेजवर चढ. अडखळली तर का अडखळली ते तुझं तुला कळेल. साहेबांना आवडणार नाही, ते म्हणतील आधीच बोभाटा कशाला. तसं म्हणाले तर तेही लक्षात ठेव.

फ्लेक्स मी अजून छापलेला नाही. दहा जणांची फाईल तयार आहे. डावीकडून चौथी जागा मोकळी ठेवली आहे, आणि तुझ्या फोटोतलं उपरणं जसं होतं तसंच आहे. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मशीन लावावंच लागेल, नाहीतर शाई वाळायला वेळ पुरत नाही. त्याआधी दुकानावर ये. फोन करू नकोस, ये. ताईला सांग, जेवण इकडेच होईल.

तुझा,
मामा