चार देशांचा एक संघ

वर्गावर्गांचे हुतूतूचे सामने चालू असतां जीं मुलें एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात, तींच शाळेचा संघ परगांवीं निघाला म्हणजे आगगाडीच्या एका बांकावर बसून एकमेकांच्या शिदोरींतील लाडू खातात, हें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर रग्बी खेळणाऱ्या 'ब्रिटिश व आयरिश लायन्स' या संघाची हकीकत वाचावी.

रग्बीचा चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन पुढें धांवतां येतें. परंतु सोबत्याकडे हातानें फेकावयाचा झाल्यास मागेंच फेकावा लागतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड हे देश दर वर्षीं या खेळांत एकमेकांशीं हिरिरीनें झुंजतात. पण चार वर्षांनीं एकदां त्यांतील निवडक गडी एक होऊन न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिका यांपैकीं एका देशाच्या दौऱ्यावर जातात. त्या वेळीं सदरा वेल्सचा तांबडा, विजार इंग्लंडची पांढरी, मोजे स्कॉटलंडचे निळे आणि त्यांचा कांठ आयर्लंडचा हिरवा, असा त्यांचा पोशाख असतो. या परंपरेचा आरंभ १८८८ सालीं झाला. त्या पहिल्या दौऱ्यांतच कप्तान रॉबर्ट सेडन ऑस्ट्रेलियांत नदींत बुडून मरण पावले. तरी उरलेल्यांनीं दौरा पुरा केला.

आयर्लंडचे विली जॉन मॅकब्राइड हे शेतकरी कुटुंबांतील. घरच्या कामामुळें सतराव्या वर्षापर्यंत त्यांस रग्बी खेळावयास सांपडलें नाहीं. १९६२, १९६६ व १९६८ या तीन दौऱ्यांत ते लायन्सकडून नऊ कसोटी सामने खेळले. त्यांपैकीं आठ हरले, एक बरोबरींत सुटला. दुसरा कोणी कंटाळून घरीं बसला असता. १९७१ सालीं न्यूझीलंडमध्यें, दहाव्या सामन्यांत, त्यांस पहिला विजय लाभला, आणि ती मालिकाहि लायन्सनीं जिंकली. १९७४ सालीं ते स्वतः कप्तान होऊन दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथें त्यांच्या संघानें २२ सामन्यांपैकीं २१ जिंकले व एक बरोबरींत सोडविला.

परंतु या विजयास दुसरीहि बाजू आहे. ज्या भूमीवर गांधीजींनीं सत्याग्रहाचा मार्ग प्रथम चोखाळला, तेथें त्या काळीं वर्णभेदाचे कायदे होते. राष्ट्रीय संघांत केवळ गोरे खेळत. काळ्या प्रेक्षकांस वेगळी जागा असे, आणि तेथून ते आपल्या देशाच्या संघास सोडून परक्या लायन्सचा जयजयकार करीत! ब्रिटिश सरकारचाहि या दौऱ्यास विरोध होता. निघण्यापूर्वीं मॅकब्राइड यांनीं गड्यांस जमवून, ज्याच्या मनांत शंका असेल त्यानें आतांच परत जावें, असें सांगितलें. कोणीहि उठलें नाहीं.

वेल्सचे जॉन टेलर त्या बैठकींत नव्हतेच. १९६८ च्या दौऱ्यांत त्यांनीं तो देश डोळ्यांनीं पाहिला होता. १९७० सालीं दक्षिण आफ्रिकेचा संघ वेल्सशीं खेळावयास आला, तेव्हां त्यांनीं मैदानांत उतरण्यास नकार दिला. १९७१ सालीं न्यूझीलंडमध्यें मॅकब्राइड यांच्या बरोबरीनें ते चारहि कसोटी सामने खेळले. पण १९७४ च्या दौऱ्यास आपण येणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. पुढें १९८० नंतर लायन्स तेथें गेले ते एकदम १९९७ सालीं. तोंपर्यंत, १९९४ च्या निवडणुकींत, सर्व वर्णांच्या लोकांस मताचा हक्क मिळाला होता.

ही हकीकत वाचतांना प्रथम मॅकब्राइड यांच्या चिकाटीनें आमचें मन भारून गेलें. टेलर यांचें नांव मात्र कितीतरी दिवसांनीं मनांत घोळूं लागलें. सोबत्यांबरोबर जाण्यास धैर्य लागतें, हें खरें. पण सोबती जात असतां सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मागें राहण्यास त्याहूनहि अधिक लागतें, असें आम्हांस वाटतें. सामन्यांच्या नोंदवहींत न गेलेल्या गड्यासाठीं रकाना नसतो. म्हणूनच त्याचें नांव येथें मुद्दाम लिहिलें आहे.

तेव्हां, बालमित्रहो, नऊ वेळां अपयश आलें तरी दहाव्या वेळीं मैदानांत उतरा. आणि पालकांस आमची विनंती एवढीच, कीं एखादा मुलगा "मी जाणार नाहीं" म्हणाला, तर त्यास भित्रा म्हणण्यापूर्वीं कारण विचारावें.