पट्टा बदलणारे हात

कॅनडातल्या बर्फगाडीचा पट्टा बदलण्याशी आंबेडकरी कार्यकर्त्याचे काय देणेघेणे, असे काही मित्र विचारतील. आमच्या मते त्याचा थेट संबंध श्रमाच्या प्रतिष्ठेशी आहे आणि तो प्रश्न आपल्याकडे जातीचा आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर ताईकडे ऑन्टारिओतल्या थंडर बे शहरात होतो. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याकडे स्नोमोबाइल आहे. पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा अशी ही बर्फावरची गाडी. तिचा पट्टा फाटला, तेव्हा त्यांनी तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलला. आम्ही पाने हातात देत होतो.

काम सोपे नाही. आधी गाडीचा मागचा भाग उचलून टांगायचा आणि पट्ट्याचा ताण सैल करायचा. चार बोल्ट काढून मागचे सस्पेन्शन पट्ट्याच्या आतून ओढून घ्यायचे. त्यातल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात; निष्काळजीपणे सोडल्या तर बोटे जायची. मग चेनकेसमधले तेल काढून चेन आणि दातेरी चक्रे सोडवायची, बेअरिंग काढून शाफ्ट बाहेर घ्यायचा. तेव्हा कुठे जुना पट्टा निघतो. नवा पट्टा 121 इंच घेराचा आणि 15 इंच रुंद आहे एवढे पाहून भागत नाही. त्याच्या खाचांमधले अंतर, समजा 2.52 इंच, शाफ्टवरच्या चक्राशी जुळावेच लागते. पट्टा उलट्या दिशेने बसला तर सगळे पुन्हा उघडा. शेवटी ताण मोजून पट्टा मधोमध आणायचा. सकाळी सुरू झालेले काम संध्याकाळी संपले.

गुरुजींचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. येणारे-जाणारे पट्ट्याची किंमत विचारत होते. 'शिक्षक असून हे काम करता?' असे एकानेही विचारले नाही. तो देश स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन कशी गेली हे जगाला ठाऊक आहे. पण ग्रीस लागलेला हात तिथे जन्माचा दाखला ठरत नाही.

या गाडीमागेही कारागिराचाच हात आहे. क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्माँ बोंबार्दिए. 1934 च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होते, म्हणून त्याच्या लहान मुलाला दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल गेले. बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी तो आधीपासून झटत होताच. 1937 मध्ये त्याला चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि 1959 मध्ये त्याची 'स्की-डू' बाजारात आली.

मात्र यंत्र आले की समता येते, या भ्रमात राहू नका. पर्टी पेल्टो या अभ्यासकाचे 1973 चे पुस्तक आम्ही समाजशास्त्र शिकताना वाचले. फिनलंडमधल्या स्कोल्ट सामी लोकांत 1960 च्या दशकात स्नोमोबाइल आली. त्याआधी घरच्याच रेनडिअरवर घसरगाडी चालायची. आता गाडी, पेट्रोल, सुटे भाग, सगळ्याला रोख पैसा लागू लागला. ज्यांना तो झेपला नाही ती कुटुंबे कळपाच्या धंद्यातून बाहेर फेकली गेली. बऱ्यापैकी समान असलेल्या समाजात उतरंड तयार झाली.

आता आपल्याकडे पाहा. जात म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले. आपल्या वाट्याला घाण उपसण्याचे काम आले. यंत्र, कौशल्य आणि मालकी दुसरीकडे राहिली. म्हणूनच 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रशिक्षणाची आणि रेल्वेचे कारखाने, सरकारी छापखाने इथे प्रशिक्षणाची मागणी केली. पिढीजात लादलेले काम नाकारणे आणि हत्यार हाती घेणे नाकारणे, यांत फरक आहे. पहिले स्वाभिमानाचे लक्षण आहे. दुसरे केले तर आपण कायमचे गिऱ्हाईक राहू.

तरुण मित्रांनो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जरूर करा. पण विहारातल्या ग्रंथालयाशेजारी पान्यांची एक पेटीही ठेवा. आयटीआय झालेल्या पोराला रविवारी तिथे शिकवायला बोलवा, मोटारसायकलची चेन, पाण्याचा पंप, घरातले वायरिंग. मुलींनाही त्या वर्गात बसवा. आणि त्या पोराला 'सर' म्हणा.

जय भीम!